विकत घेतलेले अज्ञान

दोडामार्गचा बाजार जेथे संपतो, तेथेच महाराष्ट्र संपतो. पुढच्या वळणाला गोवा लागतो, आणि दुसऱ्या अंगाने तिलारीचा घाट चढून गेले की चंदगड व त्यापलीकडे बेळगावचा मुलूख. तीन राज्ये जेथे एकमेकांच्या अंगणात डोकावतात, अशा या प्रदेशात राहणाऱ्यांना सीमेचे अप्रूप वाटत नाही. आमच्या सोयरिकी पलीकडे, नोकऱ्या पलीकडे, आणि घरात मोठे दुखणे आले तर धाव घ्यावयाची तीही पलीकडे, बांबोळीच्या इस्पितळाकडे. १९९९ साली दोडामार्ग हा स्वतंत्र तालुका झाला. तोवर आम्ही सावंतवाडीच्या कागदपत्रांत मोडत होतो. नाका मात्र त्याआधीही होता. आडवा बांबू, एक पत्र्याची शेड, बाकड्यावर बसलेला शिपाई. शासन म्हणून जी काही वस्तू असते तिचे दर्शन आमच्यापैकी पुष्कळांना प्रथम तेथेच घडले.

मे १९९७ मधील गोष्ट. घरी पुतण्याचे लग्न होते. रोसाच्या आदल्या दिवशी आम्ही आणि आमचे वडील बंधू म्हापशाहून सामान घेऊन परतत होतो. भाड्याची मोटार, डिकीत मिठाईचे खोके, सजावटीचे कागद आणि त्याखाली पांघरुणात गुंडाळलेल्या फेणीच्या व वाइनच्या बाटल्या. गोव्यातील मद्य आपल्या राज्यात आणावयाचे तर परवाना लागतो, हे आम्हांला ठाऊक होते. परवाना काढण्यास वेळ होता; मन नव्हते. नाक्यावर शिपायाने हात केला. बंधूंनी काच खाली करून म्हटले, "घरात लगीन आसा, सायबानू." शिपायाने आत वाकूनही पाहिले नाही. "मगे चायपान्याचा काय ता बघा," एवढेच तो म्हणाला. पन्नासाची नोट त्याच्या हाती गेली आणि बांबू वर झाला. नाका कोणता आणि शिपाई कोणत्या खात्याचा, ते आम्ही सांगणार नाही. त्याच्यापेक्षा आमचा अपराध लहान होता असे आम्हांला वाटत नाही. आणि आम्ही तर त्या वेळी आमच्या चर्चच्या समितीवर होतो.

गाडीत सारे हसले. पन्नासांत सुटलो, असे कोणीसे म्हणालेही. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र एक साधी गोष्ट ध्यानात आली आणि झोप उडाली. तो मनुष्य डिकीकडे फिरकलाच नव्हता. मग पन्नास रुपयांत आम्ही विकत घेतले ते काय? परवाना नव्हे, की दंडाची माफी नव्हे. आम्ही त्याचे न पाहणे विकत घेतले होते. बरे, ते त्याने आमचे मुख पाहून विकले म्हणावे, तर तो आम्हांला ओळखतही नव्हता. आमच्या मागून येणाऱ्या गाडीलाही त्याच भावाने ते मिळाले असते. डिकीत फेणी आहे की आणखी काही, याची त्याला खबर नव्हती; आणि खबर नसण्याचेच त्याला पैसे मिळाले होते.

झोप उडण्यास कारण होते. त्याच्या चारच वर्षे आधी, ९ जानेवारी १९९३ च्या रात्री, याच कोकण किनाऱ्यावर रायगड जिल्ह्यातील दिघीच्या धक्क्यावर चोरटा माल उतरला. तो घेऊन निघालेली वाहने गोंडघर फाट्यावर श्रीवर्धन पोलिसांच्या एका तुकडीने अडविली. म्हणजे राज्याचा डोळा उघडा होता. नाका बसला होता, माल सापडला होता. मग तेथे बोलणी झाली. ठरलेली रक्कम हाताशी नव्हती म्हणून तारण म्हणून चांदीच्या पाच विटा ठेवून घेण्यात आल्या आणि वाहने पुढे गेली. त्या मालात नुसती चांदी नव्हती, शस्त्रेही होती, असे पुढे खटल्यात निष्पन्न झाले. वाट मोकळी आहे, हे एकदा कळले. फेब्रुवारीच्या ३ आणि ७ तारखांना जवळच्या शेखाडी येथे पुन्हा माल उतरला, आणि या वेळी त्यात आर.डी.एक्स. होते. १२ मार्च रोजी दुपारी दीडच्या सुमारास मुंबईच्या शेअर बाजाराच्या इमारतीत पहिला स्फोट झाला. काथा बाजार, एअर इंडियाची इमारत, वरळीचे सेंच्युरी बाजार, दादरचे प्लाझा, झवेरी बाजार... दोन-अडीच तासांत २५७ माणसे गेली व सातशेहून अधिक जखमी झाली.

त्या संध्याकाळचे दोडामार्ग आम्हांला आठवते. आमच्याकडे घर म्हणजे अर्धे गावात आणि अर्धे मुंबईत. ज्या थोड्या ठिकाणी दूरध्वनी होता तेथे रांग लागली होती, आणि रांगेतील कोणालाही लाइन मिळत नव्हती. रेडिओवर दादरचे नाव आले की एका घरातून रडण्याचा आवाज येई, वरळीचे आले की दुसऱ्या. कोणी चॅपेलमध्ये जाऊन बसले, कोणी देवळाच्या पायरीवर. दुसऱ्या दिवशी मुंबईहून येणाऱ्या एस.टी.ची वाट पाहत सारा बाजार उभा होता. आमची माणसे सुखरूप निघाली. पण त्या रांगेत उभे असताना, या स्फोटांची वाट कोकणातील एका फाट्यावरून गेली आहे आणि त्या फाट्यावर कोणी तरी आमच्याच शिपायासारखा हात पुढे केला होता, हे आम्हांपैकी कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

या प्रकरणाची चर्चा निघाली की आजही एक वाक्य ऐकू येते: त्यांना काय ठाऊक? त्यांना वाटले, चांदी असेल. या वाक्यात तथ्य नाही असे नाही. स्वातंत्र्यानंतर सोन्याच्या आयातीवर कडक बंधने आली, आणि १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत अंमलात होता. त्या काळात किनाऱ्यावरील खाड्याखाड्यांतून सोने, चांदी, घड्याळे, कापड उतरत असे. 'लँडिंग' हा शब्द ज्यांना इंग्रजीचे एक अक्षर येत नव्हते त्यांच्याही तोंडी होता. माल ठरलेला, वाट ठरलेली, हप्ता ठरलेला. पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या या व्यवहारात कोणाचा जीव जात नाही, सरकारचा थोडा कर बुडतो एवढेच, अशी समजूत सगळ्यांनी मिळून करून घेतली होती. ज्यांनी दारूगोळा आणला त्यांनी नवी वाट शोधली नाही. चांदीसाठी मळलेली वाट त्यांनी वापरली. विशेष न्यायालयाने १९९३ च्या या खटल्यात २००६ मध्ये शंभर जणांना दोषी ठरविले. त्यांत सीमाशुल्क खात्याचे एक अतिरिक्त कलेक्टर होते व श्रीवर्धनचा तो पोलीस उपनिरीक्षकही होता. २०१३ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतिम निकाल दिला, तेव्हा पोलीस, सीमाशुल्क खाते आणि तटरक्षक दल यांच्या कर्तव्यच्युतीवर ताशेरे ओढले.

आमचा प्रश्न न्यायालयाच्या पलीकडचा आहे. 'मला ठाऊक नव्हते' हे वाक्य माणसाला दोषातून केव्हा सोडविते? संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात अज्ञानाचे प्रकार मोठ्या बारकाईने वेगळे केले. एक अज्ञान असे की प्रयत्न करूनही ते दूर झाले नसते; त्याचा दोष माणसाला लागत नाही. दुसरे आळसाने राहिलेले. आणि तिसरे, माणूस मुद्दाम जपतो ते. कळले तर थांबावे लागेल म्हणून तो कळून घेत नाही. या तिसऱ्या अज्ञानाने अपराध कमी होत नाही, उलट ते स्वतःच इच्छेचे कृत्य ठरते. धर्मशिक्षणाच्या वर्गात हे आम्ही शिकलो होतो, पण त्याला नाक्यावरचे उदाहरण कोणी दिले नव्हते. लाच म्हणजे नेमके हे तिसरे अज्ञान, आणि तेही बाजारभावाने. लाच घेणारा 'मला काय ठाऊक' म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नाही. ठाऊक नसण्याची किंमत त्याने मोजून घेतलेली असते, एवढेच. म्हणून परिणामांचा हिशोब त्याला टाळता येत नाही. पन्नास रुपयांत विकलेल्या अंधारातून पुढे फेणी गेली की मृत्यू गेला, हे ठरविण्याचा हक्क त्याने स्वतःच्या हाताने दुसऱ्याला दिलेला असतो.

याउलट ज्याने पाहिले, त्याचे काय झाले? गोव्यातील सीमाशुल्क अधिकारी कोस्ताव फर्नांडिस यांची हकीकत आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना आठवत असेल. मे १९९१ मध्ये दक्षिण गोव्याच्या किनाऱ्यालगत तस्करीचे सोने जात असल्याच्या खबरीवरून त्यांनी एकट्याने पाठलाग करून एक मोटार अडविली. झटापट झाली, ते स्वतः जखमी झाले आणि समोरचा मनुष्य मारला गेला. त्यांच्यावर खुनाचा खटला भरण्यात आला. कर्तव्य बजावताना घडलेल्या कृत्याबद्दल हा खटला चालू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले ते १९९६ साली. पाच वर्षे तो मनुष्य आरोपी होता. गोंडघर फाट्यावर पाहिले नाही त्याला त्याच रात्री चांदी मिळाली. किनाऱ्यावर पाहिले त्याला न्याय मिळण्यास पाच वर्षे लागली. राज्याची सुरक्षा बंदुकांच्या संख्येवर अवलंबून असते असे म्हणणाऱ्यांनी या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. १९९३ नंतर महाराष्ट्र-गुजरातच्या किनाऱ्यावर नौदलाची गस्त सुरू झाली, पुढे २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर मालवणपासून पालघरपर्यंतच्या मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली. हे सारे योग्यच. पण ओळखपत्र तपासणाऱ्या डोळ्याला भाव लागला असेल, तर त्या पत्राचा उपयोग होडीत बसलेल्या गरीब कोळ्याला ताटकळत ठेवण्यापुरताच.

येथे आमचे एक स्नेही नेहमी आक्षेप घेतात. ते निवृत्त शासकीय कर्मचारी आहेत आणि त्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. ते म्हणतात, तुम्ही उगाच घाबरवता. या देशात क्रांती का होत नाही? प्रत्येकाला थोडे थोडे मिळते म्हणून. तलाठ्याला मिळते, पुढाऱ्याला मिळते, ज्याचे काम अडले त्याचे काम होते. कोणी उपाशी नाही, म्हणून कोणी उठत नाही. तुम्ही ज्याला कीड म्हणता तेच वंगण आहे. हा विचार कडू असला तरी पुष्कळ शहाणी माणसे मनातून तो मानतात. आमचे उत्तर आमच्या बागायतीतले आहे. माडाला सोंड्या भुंगा लागतो तेव्हा पहिल्याने काही दिसत नाही. झावळ्या हिरव्या असतात, नारळ धरतात, माड वाऱ्यावर डोलतोसुद्धा. खोडाला कान लावला तर आतून कुरतडल्याचा आवाज येतो. पण कान लावतो कोण? मग एका पावसाळ्यात, इतर माड उभे असताना, तो शेंड्याशी मोडून पडतो, आणि लोक म्हणतात, वारा मोठा होता.

राजकीय स्थैर्याचेही असेच. शेजारच्या गोव्याचा इतिहास आम्ही कुंपणावरून पाहिला. २७ मार्च १९९० पासून २४ ऑक्टोबर २००० पर्यंत तेथे मुख्यमंत्रिपदाच्या बारा शपथा झाल्या. आलेमांव, बार्बोझा, रवी नाईक, डिसोझा, राणे, फालेरो, सार्दिन, पर्रीकर. त्यांतले काही दोनदा, डिसोझा तर तीनदा. एप्रिल १९९४ मधील एक मुख्यमंत्रिपद आठवडाभरही टिकले नाही. मध्ये दोनदा राष्ट्रपती राजवट. सभागृह चाळीसांचे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यात एक-तृतीयांश सदस्य फुटले तर ती फूट वैध होती, म्हणून लहान पक्षात दोन-तीन माणसांच्या मनावर राज्य हलत असे. २००३ साली ती पळवाट बंद झाली व मंत्र्यांच्या संख्येलाही मर्यादा आली. मात्र दोन-तृतीयांशांच्या विलीनीकरणाचे दार उघडे राहिले. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या पंधरांपैकी दहा आमदार त्या दारातून गेले. म्हणून जानेवारी २०२२ मध्ये त्या पक्षाने आपल्या उमेदवारांना मंदिरात, बांबोळीच्या क्रुसासमोर आणि दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ घ्यावयास लावली. सप्टेंबरमध्ये अकरांपैकी आठ गेले. त्यांतील एका ज्येष्ठ नेत्याने आपण देवाला विचारूनच निर्णय घेतला असे सांगितले. देवाचे उत्तर ऐकावयास आम्ही तेथे नव्हतो.

या साऱ्यांत पैसा फिरला असे आम्ही म्हणत नाही. ते सिद्ध झालेले नाही, आणि पक्ष बदलण्यास प्रामाणिक कारणही असू शकते. आम्हांला दिसते ते नाक्यावरच्या शिपायाच्या बाजूने. सरकार किती दिवस राहील हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या वरिष्ठाची बदली केव्हा होईल हे वरिष्ठालाही ठाऊक नाही, तो कोणाशी निष्ठा ठेवणार? ज्या क्रुसापुढे आपण लहानपणापासून वाकलो, त्याच्या साक्षीने दिलेला शब्द आठ महिन्यांत मोडला जातो हे तो पाहतो, आणि त्याच्या हातातील पन्नासाची नोट त्याला अगदीच किरकोळ वाटू लागते. वर सगळे अस्थिर असेल, तर खाली हप्ता तेवढा स्थिर राहतो; मग माणसे त्यालाच सरकार मानू लागतात. बॉम्बस्फोटांनंतर, १९९३ च्या जुलैत, तत्कालीन केंद्रीय गृहसचिव एन. एन. व्होरा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात दिलेल्या अहवालात तिने हेच अधिक कठोर शब्दांत सांगितले होते: गुन्हेगारी टोळ्या, पोलीस, नोकरशहा व राजकारणी यांच्या लागेबांध्यांतून एक समांतर शासन उभे राहिले आहे. तो अहवाल संसदेपुढे येण्यास १९९५ चा ऑगस्ट उजाडला.

समांतर शासन म्हणजे काय, हे आम्हांला एका कागदाने शिकविले. आमच्या डोंगरापलीकडच्या खानापूरचा अब्दुल करीम तेलगी २००१ साली पकडला गेला आणि त्याच्या बनावट मुद्रांकांचा पसारा हळूहळू बाहेर आला. नाशिकच्या ज्या मुद्रणालयात सरकारचे मुद्रांक छापले जातात, तेथलीच यंत्रे त्याने मिळविली होती. त्या दिवसांत आम्ही कपाटातून आमच्या काजूबागेचे खरेदीखत काढून उजेडाकडे धरून पाहिले. शिक्का खरा की खोटा, काय कळणार? कागद हातात होता, त्यावर सिंहाची मुद्रा होती, आणि तिच्यावर विश्वास ठेवावा की नाही हे आम्हांला समजत नव्हते. बॉम्ब न फुटताही राज्य कसे डळमळते, याचा तो अनुभव होता. ज्या दिवशी साधा शेतकरी राजमुद्रेकडे संशयाने पाहू लागतो, त्या दिवशी तो आपल्या तंट्यासाठी कचेरीत न जाता गावगुंडाकडे जाण्याचा विचार करू लागतो.

राहिला आमचा वाटा. देणाऱ्याला आपल्याकडे बिचारा समजतात, आणि लाचेला आपण किती मायेची नावे ठेवली आहेत: चहापाणी, चिरीमिरी, कागदावर वजन. कायद्याने आता ही माया सोडली आहे. २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली आणि सात दिवसांत कळविले, तरच सुटका. आमच्यावर त्या मे महिन्यात कोणती बळजबरी होती? लूकच्या शुभवर्तमानात यार्देनकाठी योहान बाप्तिस्ताकडे जकातदार येतात, शिपाई येतात, आणि आम्ही काय करावे असे विचारतात. नाके सोडून रानात या, असे तो त्यांना सांगत नाही. ठरल्याहून अधिक घेऊ नका, कोणाला छळू नका, पगारात भागवा, असे तो सांगतो. नाका असावाच, आणि त्यावर माणूस असावा, हे त्याला मान्य दिसते. पण त्या काठावर, त्यांना पैसे चारणाऱ्या वाटसरूंनी काय करावे, हे विचारावयास कोणी आल्याचे लिहिलेले नाही.

जक्कयाचे एका अर्थी सोपे होते. ज्याला फसविले त्याला चौपट परत करीन, असे तो म्हणू शकला, कारण फसविलेला मनुष्य त्याला ठाऊक होता. गोंडघर फाट्यावरील मनुष्याने परतफेड कोणाला करावी? २५७ घरांना? आणि आम्ही? पन्नास रुपये शासनाच्या तिजोरीत भरता येतील, पावतीही मिळेल. पण त्या शिपायाच्या नजरेला आमच्या नोटेने जी सवय लावली, किंवा असलेली सवय पक्की केली, तिची भरपाई कोठे करावयाची? एकदा पापनिवेदनाच्या वेळी आम्ही हे धर्मगुरूंना विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, पुढच्या वेळी परवाना काढा. तेव्हा ते उत्तर आम्हांला फार तोकडे वाटले होते.

२०२३ च्या मे महिन्यात त्याच पुतण्याच्या मुलीचे लग्न झाले. या वेळी परवाना काढला होता. नाक्यावर एक तरुण मुलगी ड्यूटीवर होती. तिने डिकी उघडावयास सांगितली. खोके बाजूला केले, पांघरूण काढले, बाटल्या एकेक उचलून मोजल्या, परवान्याशी ताडून पाहिल्या, आणि मग सुट्या चाकाखालची जागासुद्धा पाहिली. मागे वाहनांची रांग लागली, हॉर्न वाजू लागले. ऐंशी ओलांडलेले आमचे बंधू पुढच्या सीटवर बसून पुटपुटत होते, "किती तपासतत ह्या!" तिने ऐकले असावे, पण ती थांबली नाही. घरी पोहोचलो तेव्हा रोसासाठी काढलेले नारळाचे दूध झाकून ठेवून तास उलटला होता, आणि घरातल्या बायका आमच्यावर चांगल्याच रागावल्या होत्या.